बागेला हरकत नाही, नकाशाला आहे

'सर्व नागरिकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात झाली की समजायचं, ठरायचं ते ठरून गेलंय. आता नुसतं कळवायचं राहिलंय.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या दाखल्यांच्या आणि नावात बदल केल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात ती नोटीस असते. अमुक सर्व्हे नंबर, तमुक चौरस मीटर, प्रयोजन उद्यान. नकाशा कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळेल. हरकती व सूचना लेखी द्याव्यात. मुदतीनंतर आलेल्या हरकती विचारात घेतल्या जाणार नाहीत. खाली सही, शिक्का. झाली लोकांची विचारपूस.

मी गोदीत कंत्राटी मजूर आहे. मॅट्रिक झालो आणि पाठीवर ओझं आलं. कविता लिहितो, पण हा मजकूर कवितेचा नाही. माझं गाव आंबेगाव तालुक्यात, आजोळ जुन्नरला. दोन्हीकडं आता बागांचे दिवस येणार आहेत. जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. २०२५ च्या जुलैत शिवनेरी इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. मंचरची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. म्हणजे पाहुणे येणार, गाड्या येणार, गाड्यांना जागा लागणार, फोटो काढायला कारंजं लागणार. सुशोभीकरण हा शब्द एकदा गावात शिरला की त्याची पहिली नजर कुणाच्या जागेवर पडते, ते तुम्हाला सांगायला नको. वेशीबाहेरची जागा नेहमीच 'मोकळी' दिसते. तिथं आपण राहत असलो तरी.

म्हणून आत्ताच बोलायचं. नकाशा निघाल्यावर बोललं तर काय होतं, ते मुंबईत दिसलंय.

बाग कुणाला लागते

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. आपलं भांडण बागेशी नाही. बागेची गरज सगळ्यात जास्ती कुणाला असेल तर ती आपल्याला. ज्याच्या घराला गच्ची आहे, अंगण आहे, त्याला बाग ही हौस आहे. ज्याची खोली दहा बाय दहाची आहे आणि आत सात माणसं आहेत, त्याला बाग म्हणजे घराचीच एक खोली, फक्त तिचं भाडं नाही. पोरगी परीक्षेचा अभ्यास बागेच्या दिव्याखाली करते. नवराबायको घरात बोलता येत नाही ते तिथं जाऊन बोलतात. रिटायर झालेला म्हातारा सुनेच्या पायात नको म्हणून दुपार तिथं काढतो. रातपाळीवरून आलेला माणूस खोलीत झोपायला जागा होईस्तोवर झाडाखाली आडवा होतो. मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरसुद्धा भरत नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नियोजनाच्या मार्गदर्शक पुस्तकात दहा ते बारा चौरस मीटर असावी असं म्हटलंय. दीड चौरस मीटर म्हणजे एका माणसाची सतरंजी. एवढ्यात फुफ्फुस भरायचं, पोरं खेळवायची आणि म्हातारपणही काढायचं.

तेव्हा बाग पाहिजेच. प्रश्न एवढाच, की ती कशी पाहिजे हे कुणाला विचारणार?

ज्यांना विचारतात त्यांची यादी आपल्याला पाठ आहे. पळायला ट्रॅक. व्यायामाची रंगीत यंत्रं. कारंजं. फोटोचा कोपरा. रात्री निळे दिवे. चांगलं आहे, असू दे. आता आमची यादी ऐका. प्यायच्या पाण्याचा नळ, आणि त्याला पाणी. मुतारी, बायकांची आधी. दुपारची सावली, म्हणजे वड, करंज, चिंच. शोभेचा ताड नको, त्याच्या सावलीत त्याचा तोच उभा राहू शकत नाही. पाठ टेकता येईल असा बाक, आणि माणूस झोपू नये म्हणून बाकाच्या मध्ये ठोकलेला लोखंडी दांडा नको. दुपारी फाटकाला कुलूप नको, कारण पाळीवाल्याला वेळ मिळते ती दुपारीच. गाडीवाल्याला कोपऱ्यात जागा, म्हणजे दहा रुपयांत पोट भरेल. आणि पोरांना चेंडू मारता येईल अशी माती. हिरवळीवर चालू नये अशी पाटी लावायची असेल तर ती हिरवळ ज्याला पाहिजे त्यानं स्वतःच्या घरी लावावी.

शेवटचा मुद्दा साधा वाटतो, पण सगळं तिथंच आहे. आपल्या वस्तीलगत बहुतेक ठिकाणी एक ओबडधोबड मैदान असतं. कागदावर ते पडीक. आपल्याला ते लग्नाचा मांडव आहे, क्रिकेटचं पीच आहे, उन्हाळ्यात पापड-कुरडयांचं वाळवण आहे, मयताला आलेल्या माणसांना टेकायची जागा आहे, १४ एप्रिलची मिरवणूक जिथं येऊन थांबते ते ठिकाण आहे. त्या मैदानाला कुंपण घालून आत गवत लावलं आणि फाटकावर वेळापत्रक टांगलं, की कागद सांगतो, गावाला बाग मिळाली. खरं आहे. पण वस्तीचं मैदान गेलं हे कुठल्या कागदावर लिहायचं? त्याला रकानाच नाही.

आरक्षण आलंय, सांभाळा

ही रीत कशी चालते ते समजून घ्या. कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्यात पायऱ्या आहेत. पहिली, कलम २३: आराखडा करण्याचा इरादा जाहीर करायचा. दुसरी, कलम २५: जागेची पाहणी करून आज कुठं काय आहे याचा नकाशा करायचा. तिसरी, कलम २६: आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवायच्या. चौथी, कलम २८: नियोजन समितीनं हरकती ऐकायच्या. मग सरकारची मंजुरी.

आपण जागे होतो तिसऱ्या पायरीला. मसुदा छापून आला, नकाशात आपल्या घरांवर हिरवा रंग पडला, की धावपळ. तोपर्यंत दुसरी पायरी होऊन गेलेली असते. त्या पायरीवर पाहणीवाला येऊन गेला, त्यानं वस्तीच्या जागी काय लिहिलं, घरं लिहिली की पडीक लिहिलं, मैदान लिहिलं की काहीच नाही, हे कुणी बघितलं? सगळा निकाल तिथं लागतो. आज कुठं काय आहे याच्या नकाशात जो नाही, त्याला उद्याच्या नकाशात उठवावंसुद्धा लागत नाही. तो नव्हताच.

आणि गंमत ऐका. पहिल्याच पायरीला, इरादा जाहीर करतानाच, लोकांच्या सूचना मागवायच्या असतात असं कायद्यात आहे. रेघ मारायच्या आधी. तेव्हा जाऊन सांगता येतं, की बाबांनो, इथं आम्ही आहोत, इथं आमचं मैदान आहे, पेन्सिल जपून चालवा. पण तेव्हा नकाशावर काहीच नसतं, म्हणून भांडायलाही काही नसतं, म्हणून कुणी जात नाही. जमीनदाराचा माणूस मात्र जातो. त्याची जमीन वाचते, आणि हिरवा रंग सरकत सरकत आपल्याकडं येतो.

या भाषेत त्या हिरव्या रंगाला काय म्हणतात? आरक्षण. भूखंडावर बागेचं आरक्षण पडलं म्हणतात. आपल्या पोराला कॉलेजात आरक्षण म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना आपल्या झोपडीवरचं आरक्षण एका दिवसात मान्य होतं. त्यातही मालकाची सोय आहे. आरक्षण पडून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊन जमीन सोडवून घेऊ शकतो. झोपडीत राहणाऱ्याला असं कलम नाही. त्याच्यावरचं आरक्षण पिढीजात.

मी एकदा एका कचेरीत अशा सुनावणीला गेलो होतो. कुठली कचेरी ते लिहीत नाही, कुठलीही धरा. वार कामाचा, वेळ सकाळी अकराची, म्हणजे एक दिवसाची हजेरी बुडाली. नाव पुकारलं. साहेबांनी विचारलं, बाधित मिळकतीशी तुमचा संबंध काय? मिळकत क्रमांक द्या. मी म्हणालो, मिळकत नाही साहेब, मी तिथं बसतो. खोलीत हसू पिकलं. कारकुनानं लिहून घेतलं: संबंध नाही.

मी तिथं बसतो. ज्या जागेला पुढं सार्वजनिक बाग म्हणायचंय, तिच्याशी यापेक्षा जास्ती संबंध माणसाचा काय असू शकतो? बाग म्हणजेच जिथं कुणीही बसतो ती जागा. पण सार्वजनिक जागेबद्दल बोलायला खासगी मिळकत लागते, असा हा न्याय आहे.

कुणाची मतं मोजली

मुंबईचं उदाहरण घ्या. महालक्ष्मीचं रेसकोर्स. २११ एकर जमीन, राज्य सरकारच्या आणि महापालिकेच्या मालकीची, म्हणजे सगळ्यांची. १९१४ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं टर्फ क्लबाकडं. पट्टा २०१३ साली संपला. २०२४ च्या जानेवारीत त्यातल्या १२० एकरांवर मोठी बाग करायची आणि उरलेली जमीन क्लबाला पुन्हा पट्ट्यानं द्यायची, या प्रस्तावावर मतदान झालं. कुणाचं? क्लबाच्या सभासदांचं. ७०८ जणांनी मत दिलं, ५४० बाजूनं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, कौल मिळाला. सव्वा कोटी माणसांच्या शहरात बागेचा कौल ७०८ जणांत लागतो. घोड्यांना मत विचारलं नाही एवढंच. विचारलं असतं तरी आमचा नंबर घोड्यांच्या मागंच होता.

आणि ते कधी? २०२२ च्या मार्चपासून २०२६ च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत मुंबई महापालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासक होता. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत २०२५ च्या निवडणुकांपर्यंत तीच गत. म्हणजे आराखडा करणारी, हरकत ऐकणारी आणि निकाल देणारी खुर्ची एकच. आपणच वादी, आपणच न्यायाधीश. लोकांनी कागद द्यायचा तो त्या खुर्चीलाच.

रेसकोर्सवरच्या त्या बागेला नाव दिलं सेंट्रल पार्क. न्यूयॉर्कवरून घेतलं. ज्यांनी घेतलं त्यांनी त्या बागेखाली काय गाडलंय हे वाचलं असतं तर बरं झालं असतं. १८२५ पासून तिथं सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. बरीचशी काळ्या माणसांची. त्यांनी पदरचे पैसे देऊन जमीन घेतली होती. घरं, तीन चर्चं, एक शाळा. तेव्हाच्या न्यूयॉर्कात काळ्या माणसाला मत पाहिजे तर अडीचशे डॉलरची मिळकत दाखवावी लागे, गोऱ्याला ती अट नव्हती. म्हणजे ती जमीन नुसती जमीन नव्हती, ते मत होतं. मग शहराला बाग पाहिजे झाली. पेपरांनी त्या वस्तीला उपऱ्यांची घाण वस्ती म्हणायला सुरुवात केली. १८५७ साली सव्वादोनशे माणसं उठवली, घरं पाडली, वर गवत आलं. बाग सगळ्यांची झाली. ज्यांच्या जागेवर झाली ते तेवढे सगळ्यांत नव्हते. पुढं दीडशे वर्षांनी, २०११ साली, खणून बघितलं तेव्हा त्यांची भांडीकुंडी निघाली.

आपल्या गोदीच्या जमिनीचंही आलंच. २०१८ च्या डिसेंबरात मुंबई पोर्ट ट्रस्टनं वडाळ्यापासून कुलाब्याकडच्या आपल्या जमिनीचा आराखडा हरकतींसाठी खुला केला. नऊशे हेक्टरांहून जास्त जमीन. त्यात बागा होत्या, किनाऱ्यानं फिरायचे रस्ते होते. मी तेव्हा गोदीत नव्हतो. पुढं टोळीतल्या जुन्या माणसांना विचारलं, हरकत कुणी दिली होती का? एकानंही नाही. त्यांनी तीस-तीस वर्षं त्या धक्क्यावर घाम गाळलाय. पण त्या जमिनीबद्दल त्यांच्याकडं कागद एकच, गेटपास. तोही संध्याकाळी संपतो. गेटपासवाला माणूस नकाशाबद्दल बोलू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. हे डोक्यात येऊ न देणं, ही सगळ्यात पक्की भिंत.

बाग की झोपडी

आता एक सापळा ओळखून ठेवा. आपण तोंड उघडलं की समोरचा म्हणतो, म्हणजे तुम्हाला बाग नको, झोपड्या पाहिजेत. आणि आपल्यातले काही जण चिडून हो म्हणतात. तिथं आपण हरतो.

मुंबईत हा वाद २००२ पासून उच्च न्यायालयात होता. बाग-मैदानासाठी राखून ठेवलेल्या पण झोपड्या उभ्या राहिलेल्या भूखंडांचं काय करायचं? १९ जून २०२५ ला निकाल आला. अशा भूखंडावर पुनर्वसन करायचं आणि किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवायची, हा नियम न्यायालयानं कायम केला. एका बाजूचे म्हणाले बाग गेली, दुसऱ्या बाजूचे म्हणाले घर वाचलं. मला दोघांना विचारायचंय, त्या भूखंडावरच्या पोरानं कुठं खेळायचं? घरही त्यालाच पाहिजे आणि बागही त्यालाच पाहिजे. ती ३५ टक्के जागा लोकांची राहते, की टॉवरच्या फाटकाआड जाते, तिथं झाड लागतं की गाड्या लागतात, हे बघणारं कोण? निकालानंतर खरं काम तिथं आहे. बाग आणि झोपडी यांचं भांडण लावून दिलं की बिल्डर मध्ये आरामात उभा राहतो.

भाषा त्यांची, मुदत त्यांची

नोटिशीची भाषा हाही एक दरवाजाच आहे, आणि तो आतून बंद असतो. २०२० साली केंद्र सरकारनं पर्यावरणाच्या परिणामांच्या तपासणीचा नवा मसुदा काढला आणि देशभरातून हरकती मागवल्या. मसुदा हिंदी-इंग्रजीत. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत भाषांतर करा आणि मुदत वाढवा. सरकारनं काय केलं? भाषांतर करत बसण्यापेक्षा सर्वोच्च न्यायालय गाठलं. ज्यांचं मत मागितलं त्यांच्या भाषेत बोलायला सरकारला वकील लावावेसे वाटले.

ही दिल्लीची गोष्ट झाली. पण मराठीतली नोटीस तरी मराठीत असते का? 'विवक्षित', 'अनुज्ञेय', 'प्रयोजनार्थ', 'फेरबदल'. माझी आई चौथी शिकली. तिला वाचून दाखवलं तर ती विचारते, मंग आपलं घर ऱ्हातंय का जातंय? तिचा हा एक प्रश्न नोटिशीच्या पहिल्या ओळीत यायला पाहिजे. कुणाची घरं आहेत, राहतात का जातात, जात असतील तर कुठं. बाकीचं खाली लिहा.

सार्वजनिक या शब्दाचा इतिहास

सार्वजनिक हा शब्द आपल्याला कुणी फुकट दिलेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सरकारी पैशातले पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं. पाण्यापर्यंत कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चालत गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा ते सार्वजनिक झालं. लगेच त्याच सालच्या ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. कोर्टात शेवटचा निकाल लागला १९३७ साली. ठरावापासून तेरा वर्षं. पुढं घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा सगळ्यांना खुल्या, हे आलं. बाग ही राबत्याची जागा आहे. राबता कुणाचा, हे विचारल्याशिवाय ती आखता येत नाही. म्हणजे बागेबद्दल लोकांना विचारणं ही कुणाची मेहेरबानी नव्हे. त्या ओंजळीचं ते देणं आहे.

आणि जुन्नरकरांनो, तुमच्याकडं तर याचा पुरावा दगडात कोरलाय. मानमोडीच्या डोंगरात बुद्धाची लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखात, कोणाचिक श्रेणीतल्या एका शक उपासकानं शेतजमीन दान दिल्याचं लिहिलंय. वीस निवर्तनं करंजाची झाडं लावायला, नऊ निवर्तनं वडाची झाडं लावायला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची गोष्ट. दान देणाऱ्यांत परदेशातून आलेले यवन आहेत, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे. दानाची ठेव ज्यांच्याकडं ठेवली त्यांत बांबूकाम करणारे आणि कासार आहेत. टोपल्या विणणाऱ्यांच्या हातात पैसा सोपवून गाव चालत होतं. आज त्याच जुन्नरात टोपली विणणारा नगरपालिकेत हरकत घेऊन गेला, तर त्याला आधी मिळकत क्रमांक विचारतील. कोण पुढं गेलं आणि कोण मागं, तुम्हीच ठरवा.

आंबेगावचं तर बोलायलाच नको. तालुक्याचं नाव आंबेगाव, आणि आंबेगाव आहे डिंभे धरणाच्या पाण्याखाली. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. धरणाच्या जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूचं, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा माणूस, मुंबईत मजुरी करणारा, १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या लॉरीखाली गेला. मजुराचं नाव द्यायला कुणाची हरकत नसते. मजुराला विचारायचं म्हटलं की मुदत संपलेली असते.

याच दोन तालुक्यांच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या आदिवासी गावांत, पेसा कायदा आहे, १९९६ चा. तिथं जमीन घ्यायची तर ग्रामसभेशी आधी बोलावं लागतं. नेहमी बोलतात असं नाही, पण कायदा सांगतो, गाव बसवा, विचारा. मग मंचर आणि जुन्नरच्या गल्लीत हे का नको? शहरासाठीही तरतूद आहे. २००९ साली महाराष्ट्रानं क्षेत्रसभा कायद्यात आणली. मतदान केंद्राच्या भागातली माणसं एकत्र बसणार, आपल्या भागात काय पाहिजे ते सांगणार. तुमच्या भागाची क्षेत्रसभा शेवटची कधी झाली? कुणी बघितलीय का? मीही नाही.

आता काय करायचं

नुसतं ओरडून नोटीस परत जात नाही. म्हणून मागणी सरळ आणि मोजकी ठेवायची.

एक, रेघ मारायच्या आधी विचारा. इराद्याची नोटीस निघाली त्याच दिवशी वस्तीत बैठक लावा, आणि आज कुठं काय आहे याचा नकाशा वस्तीत आणून भिंतीवर लावा.

दोन, जिथं बाग होणार तिथं विचारा. सुनावणी त्या जागेवर, रविवारी किंवा संध्याकाळी, जेव्हा मजुरी बुडत नाही. बायकांची बैठक वेगळी घ्या. पुरुषांसमोर मुतारीचं बोलायला लावू नका.

तीन, मिळकत विचारू नका. तिथं बसणारा, खेळणारा, विकणारा, झोपणारा, सगळे संबंधित.

चार, तोंडी बोललेलंही हरकत म्हणून लिहून घ्या. ज्याला लिहिता येत नाही त्याचं कारकुनानं लिहावं आणि वाचून दाखवावं.

पाच, प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर. मानली तर काय बदललं, नाही मानली तर का नाही. 'विचारात घेण्यात आली' हे उत्तर नव्हे.

आणि तुम्हाला, दोस्तांनो, शिकलेल्यांना. मोर्चाला चारशे जण येतात आणि हरकतीला चार अर्ज जातात, हे चालणार नाही. तुमच्या गल्लीत एक जण तरी असा पाहिजे जो रोज ते आतलं पान वाचतो. एक जण जो कचेरीत जाऊन नकाशाची प्रत मागतो. दोन पोरी ज्या घरोघर जाऊन अर्ज लिहून देतात, आणि प्रत्येक अर्जावर पोच घेतात. पोचेशिवाय कागद म्हणजे रद्दी. हे काम कंटाळवाणं आहे. याच्यावर पोवाडा होत नाही. पण समोरच्याचं सगळं राज्य याच कंटाळ्यावर चाललंय, आपण कंटाळतो म्हणून.

आपल्या आज्यापणज्यांना एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ करायला लावलं होतं. पाणी वरून वाढलं, काही हरकत नाही. सावली पडली म्हणून हाकललं, काही हरकत नाही. जागा उठवली, काही हरकत नाही. मायबाप, काही हरकत नाही. आता पहिल्यांदा सरकार स्वतःच कागद पुढं करून विचारतंय, हरकत आहे का? विचारताना त्याला वाटतंय की जुनंच उत्तर येईल.

कागद घ्या. वर नाव लिहा, खाली वस्ती लिहा. मिळकत क्रमांकाच्या जागी लिहा, आम्ही इथं बसतो. आणि मग लिहा, हरकत आहे.